तारखेचं टोक

७ ऑक्टोबर. दसऱ्याच्या आधी दुकानातली एक्सपायरी काढायची, ही आमच्याकडची जुनी पद्धत. सकाळची गर्दी ओसरली की मी स्टूल ओढून बसते, एकेक खण खाली उतरवते आणि गोळ्यांच्या पट्ट्या उलट्या करून तारखा बघते. मुदत संपलेल्या खोक्यात, संपत आलेल्या पुढच्या रांगेत, बाकीच्या मागे. काम कंटाळवाणं आहे आणि म्हणूनच मला बरं वाटतं. हात आणि डोळे गुंतलेले असतात, डोकं रिकामं राहतं.

यंदा ते फार वेळ रिकामं राहिलं नाही. दारातून वास आला. कपाशीवर फवारायच्या औषधाचा वास, सडक्या लसणासारखा, वर रॉकेलची झाक असलेला. या दिवसांत माणूस पायरी चढायच्या आत त्याच्या शर्टाचा वास काउंटरवर येऊन उभा राहतो. मी मान वर न करताच विचारलं, "फवारून आला काय?"

समोरचा हसला. "वयनी, तुमाले न पाहताच समजते."

त्याला त्याच्या आईसाठी खोकल्याचं औषध हवं होतं. तरी मी खिळ्यावरची बॅटरी काढली आणि त्याच्या डोळ्यांत उजेड मारून बघितलं. टॉर्चला आमच्याकडे बॅटरीच म्हणतात. यात डॉक्टरकी काही नाही. डोळ्यातली बाहुली उजेडात आवळते आणि सावलीत पसरते. ज्याच्या अंगात फवारणीचं औषध भिनलंय त्याची बाहुली मोहरीएवढी होऊन बसते आणि सावलीतही तशीच राहते. अशा माणसाला गोळी द्यायची नाही, सरळ दवाखान्यात पाठवायचं. दुकानाचा नियम एवढाच आहे. तो प्रभाकरांनी घातला, बोंडअळीच्या वर्षी.

प्रभाकर म्हणजे माझे पती. आमच्या दिग्रस गावात त्यांना भाऊ म्हणतात. मधली काही वर्षं दिल्लीत त्यांना माननीय सदस्य म्हणत असत.

बाकीच्यांना आश्विन म्हटलं की झेंडू आठवतो, चांदणं आठवतं. मला मळमळीच्या गोळ्या आठवतात. मेडिकलवाल्याचे ऋतू वेगळे असतात. आषाढात जुलाब, थंडीत खोकला, वैशाखात उन्हाळी लागलेल्या बायका. आणि पावसाळा संपता संपता हे फवारणीचे दिवस. आभाळ स्वच्छ असतं, ऊन चावतं, खालची जमीन अजून ओली असते आणि या दोन्हींच्या मधे वाफ कोंडलेली असते. शर्ट पाठीला चिकटतो तो संध्याकाळपर्यंत सुटत नाही. त्या चिकटलेल्या शर्टावर पंप चढवून माणसं कपाशीत शिरतात. रस्त्यावरून जाताना कपाशीचं रान हिरवंगार, फार देखणं दिसतं. पांढरीपिवळी फुलं दुसऱ्या दिवशी गुलाबी होतात. एसटीच्या खिडकीतून बघणाऱ्याला वाटतं, काय सुखाचा मुलूख आहे.

मी त्या हिरव्याकडे बघते तेव्हा झाडाची उंची बघते. छातीपर्यंत असेल तर ठीक. डोक्याच्या वर गेली तर बॅटरीचे सेल बदलून ठेवते.

आम्ही दोघंही फार्मासिस्ट. माझे वडील पोस्टात होते, सासरे तहसिलीत. दोन्ही घरं नोकरदार, जमिनीचा तुकडा कोणाकडे नाही. प्रभाकर मला बघायला आले तेव्हा सोबत त्यांची मावशी होती. मावशी स्वयंपाकाचं, भरतकामाचं विचारत होत्या. हे गप्प. शेवटी मावशीच म्हणाल्या, "अरे, तुला काही विचारायचं असेल तर विचार."

तर यांनी विचारलं, "गोळ्यांची पट्टी कोणत्या टोकाकडून कापता?"

मावशी बघतच राहिल्या. मी म्हटलं, "तारीख नसलेल्या."

"बस," हे म्हणाले आणि पोहे खायला लागले.

ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी सांगते. गोळ्यांच्या पट्टीच्या एका टोकाला मुदतीची तारीख ठोकलेली असते. गिऱ्हाइकाला चारच गोळ्या हव्या असल्या की पट्टी कापावी लागते. ती तारखेच्या टोकाकडून कापली तर दुकानात उरलेल्या गोळ्या बेवारशी होतात. त्या कधीच्या, किती दिवस चालतील, कोणाला सांगता येत नाही. म्हणून कापायचं दुसऱ्या टोकाकडून, गिऱ्हाइकाच्या पुडीवर तारीख पेनाने लिहायची, आणि ठोकलेली तारीख सगळ्यात शेवटी विकायची. प्रभाकरांना याचं जवळजवळ वेड होतं. गर्दी कितीही असो, वीज गेलेली असो, अंधारात ते पट्टीच्या टोकावरून अंगठा फिरवायचे, तारखेचे उंचवटे हाताला लागले की पट्टी फिरवायचे आणि मग कात्री चालवायचे. डोळ्यांचं काम अंगठा करायचा. पुष्कळ वर्षं मी तो अंगठा बघितला आहे.

बोंडअळीच्या वर्षी पाऊस आधी दडून बसला, मग आला तो कपाशी वेड्यासारखी वाढवून गेला. झाडं माणसाच्या डोक्यावर गेली. बोंड फोडून बघावं तर आत गुलाबी अळी आणि किडका, पिवळट कापूस. लोक घाबरले. एकात एक औषधं मिसळून फवारायला लागले. पेट्रोलवर चालणारे जोरकस पंप आले होते, त्यांचा आवाज सरकी काढणाऱ्या दूरच्या जिनिंग कारखान्यासारखा दिवसभर घुमायचा. झाडं डोक्यावर असल्यामुळे फवारा वर मारावा लागायचा आणि तो तोंडावर, छातीवर परत यायचा. फवारणीच्या औषधाबद्दल कृषी केंद्रवाल्याला विचारावं तर तो म्हणे नवीन आहे, जालीम आहे. जालीम हा शब्द तेव्हा लोकांना कौतुकाचा वाटायचा.

एका संध्याकाळी तांड्यावरची जमनाबाई दुकानात आली. ती आणि तिचा नवरा सीताराम जोडीने फवारणीच्या मजुरीवर जात. त्याच्या पाठीवर पंप, तिच्या डोक्यावर पाण्याचा हंडा. वीज गेलेली होती. तिने काउंटरवर कोपर टेकून सांगितलं, "भाऊ, ह्याइले मळमळते. एक गोळी द्या. उद्या मजुरीले जायचं हाये."

"कुठे आहे तो?" प्रभाकरांनी विचारलं.

"थो काय, वट्यावर बसला."

हे कात्री हातात घेऊनच बाहेर गेले. मी बॅटरी धरून मागे. सीताराम ओट्याच्या खांबाला टेकून बसला होता. घामाने भिजलेला, तोंडातून लाळ. यांना बघून म्हणाला, "भाऊ, तुमी दोन दोन दिसून राह्यले."

"दोन दिसतोय तर दोघांनाही मत देत जा," हे म्हणाले. तेव्हा ते नगरपरिषदेवर नुकतेच निवडून आले होते आणि त्या निवडून येण्याची त्यांनाच गंमत वाटत होती. मग त्यांनी माझ्या हातातली बॅटरी घेतली आणि सीतारामच्या डोळ्यात धरली. दुसऱ्या डोळ्यात धरली. उजेड बाजूला केला, थांबले, पुन्हा धरला.

त्यांचा चेहरा इतका उतरलेला मी त्याआधी पाहिला नव्हता. मला म्हणाले, "दुकान बघ." शेजारच्या जिनिंगवाल्याची जीप मागितली, सीतारामचा शर्ट काढून रस्त्यावर फेकला, आणि जीपच्या मागच्या बाजूला त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसले. जमनाबाईला पुढे बसवलं. ती जाताना मला विचारत होती, "वयनी, गोळीनं नाही व्हणार काय? कायले मोठा दवाखाना?"

सीताराम वाचला. त्याला आता सांजेला नीट दिसत नाही, तो शेळ्या राखतो. सगळे वाचले नाहीत. त्यांची मोजदाद मी करत नाही. ती करणारे नंतर पुष्कळ आले, गाड्या घेऊन, कॅमेरे घेऊन.

त्या दिवसापासून आमच्या ओट्यावर संध्याकाळी माणसं यायला लागली. फवारून आलेली, नुसती थकलेली, काही घाबरलेली. "भाऊ, बॅटरी पाहून द्या," असं म्हणायचे. हे एकेकाचे डोळे बघत. ठीक असेल त्याला साबणाने अंग धुवून झोपायला सांगत, नसेल त्याला गाडीत घालत. रोज. आमच्या जेवणाला लसणाचा वास यायला लागला तो भाजीचा की कपड्यांचा हे मला कळेनासं झालं. एकदा मी चिडून म्हटलं, हे सगळं सरकारने करायचं, तुम्ही काय सरकार आहात? त्यांनी हात धुता धुता उत्तर दिलं, "व्हावं लागेल असं दिसतंय."

मला वाटलं थट्टा करतात.

आर्णीच्या बाजारात त्यांचं पहिलं मोठं भाषण झालं. भाषण कसलं, काउंटरवर बोलतात तसं बोलले. "मले सर्दीची गोळी विकायले डिप्लोमा लागते. डॉक्टरची चिठ्ठी लागते. इन्स्पेक्टर येऊन फ्रिज उघडून पाहते. आनं तुमच्या पाठीवर हे इख देते, तवा कोन चिठ्ठी मांगते?" लोक आधी हसले, मग गप्प झाले. घरी आम्ही शहरी मराठी बोलतो, पण काउंटरवर आणि माईकवर हे वऱ्हाडीच बोलतात. मागे उभ्या असलेल्या म्हाताऱ्याने मोठ्याने म्हटलं, "हा मानूस दिल्लीले पायजे." तिथे उभी असताना मला अभिमान वाटला. आणि दुकान कोण बघेल, हाही विचार आला. दोन्ही एकदमच आले, खोटं कशाला सांगू.

दुकान मी बघितलं. लायसनवर माझं नाव लावून घेतलं, पांढरा कोट त्यांचा खिळ्यावर तसाच ठेवला, दर आठवड्याला झटकला. ते खासदार होऊन दिल्लीला गेले.

पहिल्या प्रचारात कोणीतरी बॅनरवर त्यांच्या नावाआधी 'डॉ.' छापलं होतं. हे स्वतः शिडी लावून चढले आणि काळ्या रंगाने ते पुसून आले. दिल्लीतही लोक डॉक्टर साहब म्हणायचे. "डॉक्टर नहीं, केमिस्ट," हे सांगायचे. शिपायाला, ड्रायव्हरला, मोठ्या नेत्यांनाही. पुढच्या एका हिवाळ्यात मी गेले तेव्हा सांगायचं थांबलं होतं. मी विचारलं तर म्हणाले, "किती वेळा सांगणार?" खरंच, किती वेळा सांगणार? माणूस थकतो. दुसऱ्या प्रचाराच्या बॅनरवर 'डॉ.' पुन्हा होतं आणि शिडी कोणी मागवली नाही.

दिल्लीचं घर मला कधी आपलं वाटलं नाही. हिरवळ होती, मोर यायचा, चहा सतत. पण कुठल्याच गोष्टीला वास नव्हता. सकाळी हे वर्तमानपत्रांच्या ढिगात बसलेले असत आणि आजूबाजूला कामं घेऊन आलेली माणसं. बदली, कंत्राट, कोणाच्या तरी मुलाची भरती. डोळे दाखवायला कोणी येत नसे.

फवारणीवर बोलायला त्यांना एकदा शून्य प्रहरात वेळ मिळाला. त्यासाठी ते मुद्दाम दिग्रसला आले होते. या काउंटरवर बसून त्यांनी भाषण लिहिलं, मला वाचून दाखवलं, मी ते छाटलं. सीतारामचं दोन दोन दिसणं त्यात होतं. मी दुकानातला टीव्ही लावून बसले. जमनाबाईही येऊन बसली होती. सभागृहात दुसऱ्याच कशावरून तरी गोंधळ चालू होता, लोक मधे येऊन ओरडत होते, आणि यांचं नाव पुकारण्याआधीच कामकाज तहकूब झालं. जमनाबाई म्हणाली, "भाऊ काहून नाही बोलले?" मी म्हटलं, पाळी आली नाही. नंतर ते भाषण पटलावर ठेवलं म्हणे. गावात ते सांगायचे, "मी विषय मांडला." खोटं नव्हतं. खरंही नव्हतं. मधल्या जागेत बरंच काही मावतं, हे मला त्या वर्षांत कळलं.

काहीच झालं नाही असंही नाही. मास्क आणि हातमोजे वाटले गेले. या वाफेत ते घालून कोणी तासभरही टिकत नाही, त्यामुळे हातमोजे बहुतेक घरांत संडास धुवायच्या कामी आले. आणि एक रुग्णवाहिका आली. तिच्यावर यांचं नाव सायरनपेक्षा मोठं आहे, पण गाडी धावते. तेवढं मान्य करायलाच हवं.

यंदाच्या उन्हाळ्यात ते हरले. हरल्यावर काही दिवस झोपून काढले, मग एके दिवशी सकाळी म्हणाले, "मी आता काउंटरवर बसतो." मी दोन स्टुलांपैकी त्यांचं पुसून ठेवलं. ते दोन दिवस बसले. तिसऱ्या दिवसापासून फोन सुरू झाले. पुढच्या निवडणुकीचं वारं सुटलं होतं. मग एक दिवस जेवताना म्हणाले, दुकानाचा पुढचा भाग जनसंपर्क कार्यालयाला काढू, बसस्टँडच्या रस्त्यावर अशी जागा दुसरी नाही. मेडिकल मागे नेऊ. पार्टिशन टाकलं की झालं. आठ तारखेला रहीमभाई सुतार माप घ्यायला येणार होता.

मागच्या खोलीला खिडकी नाही, आणि तिथून ओटा दिसत नाही. हे त्यांना माहीत होतं. मला त्यांना एवढंच विचारायचं होतं की तुम्ही परत येणार आहात की नाही. येणार असाल तर कुठेही बसू, मागे बसू, अंगणात बसू. पण तसं विचारलं असतं तर ते हो म्हणाले असते. त्यांच्या हो म्हणण्याचा काही उपयोग राहिला नव्हता. मला त्यांना बघूनच ठरवायचं होतं.

तर सात तारखेला दुपारी मी तारखा बघत बसले होते तेव्हा ते आले. सोबत बंडू. हा त्यांचा मुख्य कार्यकर्ता, पूर्वी बांगड्या विकायचा, आता मोबाईल हातातून सोडत नाही.

"वयनी, एक फोटो काढाचा हाये. भाऊ पुन्ना काउंटरवर. लोकाइले जुने दिवस आठवले पायजे." मग यांना, "भाऊ, थो पांढरा कोट घाला ना."

"पोटावर बसणार नाही तो," मी म्हटलं.

"बटन नका लावू. फोटोत स्टाइल वाटते."

प्रभाकरांनी कोट घातला. मी काउंटरची उघडती फळी उचलून त्यांना आत घेतलं आणि स्टुलासकट कोपऱ्यात सरकले. तेवढ्यात जमनाबाई आली. केस पांढरे झालेत, चाल तीच, हंडा नसतानाही डोक्यावर हंडा असल्यासारखी.

"आगो माय! भाऊ बसले! बरं झालं बाप्पा."

"ये जमना," हे म्हणाले. आवाज माईकवरचा होता. "काय पायजे?"

"जावायाचं डोकं दुखते. गोळी द्या."

यांनी पट्टी उचलली, कात्री घेतली, मान वर केली. बंडू म्हणाला, "भाऊ, इकडं पाहा. मावशे, तू बी पाय ना इकडं, लाजते काय?" जमनाबाईने पदर सारखा केला. कात्री चालली. हसू, गोळ्या देणारा हात, घेणारा हात. "झालं भाऊ. एकदम झकास."

पट्टीचा उरलेला तुकडा काउंटरवर होता. मी तो उचलून उलटा केला. दोन्ही टोकं कोरी. तारखेचं टोक जमनाबाईच्या मुठीत गेलं होतं. मी त्यांच्या अंगठ्याकडे बघितलं. तो मोबाईलकडे चालला होता, फोटो मोठा करून बघायला.

आणि त्यांनी विचारलं नव्हतं.

"जमना," मी म्हटलं, "जावई काय करून राह्यले सध्या?"

"कपाशीत हाये ना. कालपासून फवारून राह्यले. नवा पंप घेतला त्याइनं."

"कुठे आहेत?"

"थ्या ॲटोत बसले. ऊन नको म्हणते डोळ्याले."

मी तिच्या हातातल्या गोळ्या काढून घेतल्या, बॅटरी घेतली आणि बाहेर आले. ऑटोच्या सावलीत जावई गुडघ्यात डोकं घालून बसला होता. तरुण माणूस. शर्ट ओला, घामाने की औषधाने सांगता येत नव्हतं, वास मात्र सांगत होता. त्याने मान वर केली तेव्हा ओठाच्या कोपऱ्यातून लाळ ओघळली. बाहुली मोहरीएवढी. मी बॅटरी बाजूला केली, थांबले, पुन्हा बघितलं. मोहरीच.

मी दुकानाकडे वळून ओरडले, "अहो, गाडी बोलवा!"

"कोणती?"

"तुमच्या नावाची!"

गाडी येईपर्यंत मी हातमोजे चढवले, त्याचा शर्ट काढायला लावला, नळावर साबणाने मान, छाती, पाठ धुतली. जमनाबाई पाणी ओतत होती. ती रडत नव्हती, तिला ही कामं पाठ होती. मधेच प्रभाकर आले. बटणं न लावलेला पांढरा कोट अंगावर तसाच. त्यांनी माझ्या कमरेला खोचलेली बॅटरी ओढून घेतली, जावयाच्या डोळ्यात धरली, आणि त्यांचा चेहरा उतरला. त्या वर्षी उतरला होता तसाच. मग गाडी आली, आणि कोणी काही म्हणायच्या आत ते मागून चढले, त्याचं डोकं मांडीवर घेतलं.

"भाऊ, एकच मिनिट," बंडू म्हणाला आणि त्याने तोही फोटो काढला.

यांनी त्याला थांब म्हटलं नाही. त्याच्याकडे बघितलंही नाही. दार लागलं, गाडी गेली. ते माणसासाठी चढले की फोटोसाठी, हे मी त्या दुपारपासून स्वतःला विचारते आहे. मला वाटतं त्यांनाही आता ते वेगळं करून सांगता येणार नाही. दोन्ही एकदमच येत असेल, आर्णीच्या बाजारात मला आलं होतं तसं.

मी परत स्टुलावर बसले. बिनतारखेचा तुकडा हातात घेतला. गोळ्या नव्या होत्या, सकाळीच मी त्याच खोक्यातल्या पट्ट्यांवर पुढल्या वर्षीची तारीख वाचली होती. पण तुकड्यावर ते लिहिलेलं नाही, म्हणून तो विकता येत नाही. एक्सपायरीच्या खोक्यात टाकायला हात पुढे केला आणि मागे घेतला. गल्ल्याच्या बाजूला ठेवून दिला.

ते परतले तेव्हा दिवे लागले होते. जिनिंगचा भोंगा होऊन गेला होता. कोटावर उलटीचे डाग. त्यांनी तो काढून बाहेर नळाखाली टाकला आणि काउंटरच्या बाहेरच्याच बाजूला बाकड्यावर बसले.

"वाचेल ना?" मी विचारलं.

"वाचेल. इथल्याच दवाखान्यात पहिलं इंजेक्शन मिळालं. आता यवतमाळला नेलाय, जमना सोबत आहे." मग म्हणाले, "तिने डोक्यावर हात फिरवला माझ्या. म्हणाली, भाऊ स्वतः आले."

मी तो तुकडा त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी उचलला. अंगठा एका टोकावरून फिरवला, मग दुसऱ्या. पुन्हा पहिल्या. मी चहा ओतून होईपर्यंत ते तेच करत होते.

"हात विसरला," ते म्हणाले.

"हाताचं काही नाही. तिने डोकं दुखतं म्हटलं आणि तुम्ही विचारलं नाही."

त्यांनी रस्त्याकडे तोंड फिरवलं. पुसदची बस वळली, तिचा उजेड त्यांच्या तोंडावरून गेला. मोबाईल वाजत होता. बंडूने टाकलेला फोटो गावभर फिरत असणार. त्यांनी मोबाईल पालथा ठेवला.

"मी खरंच परत यायचं म्हणत होतो," ते म्हणाले.

"माहीत आहे."

"उद्या रहीमभाई येईल मापाला."

"येऊ दे," मी म्हटलं.

८ ऑक्टोबरला मी नेहमीपेक्षा लवकर शटर उघडलं. रहीमभाई टेप घेऊन हजर होता. "भाभी, काउंटर कितना पिच्छे लेना है?"

"मागे नाही घ्यायचं. इथेच राहील. ओट्यावर सावली करा आणि एक लांब बाक टाका. फळीला आतून कडी बसवा."

"कडी? चोर का डर है क्या?"

"चोरांचा नाही. कार्यकर्त्यांचा."

"तो फिर मजबूत लगाता," तो म्हणाला आणि आधी कडीच बसवली.

प्रभाकर वरच्या घरातून खाली आले तेव्हा कडी लागलेली होती. पांढरा कुर्ता, अंघोळ झालेली. त्यांनी फळीवर हात ठेवला, ती हलली नाही, आणि त्यांना कळलं. मी सांगितलं, कार्यालय वरच्या खोलीत टाका, जिना बाहेरून आहे. मग खिळ्यावरची बॅटरी काढली, सेल नवे घातले आणि काउंटरवरून त्यांच्या हातात दिली. "ओट्यावर बसा. याला पट्टी कापावी लागत नाही."

ते बसले. मी आतून बघत होते. पहिल्या माणसाला त्यांनी विचारलं, "फवारून आला काय बाप्पा?" आवाज माईकवरचा नव्हता. दुसऱ्याला विचारलं, तिसऱ्याला विचारलं. एकाला नीट थांबवून दोनदा बघितलं. मी पट्ट्या कापत होते, तारखेची टोकं माझ्याकडे राहत होती, आणि मला वाटलं की असंही चालेल.

मग बंडूची गाडी येऊन उभी राहिली. दारव्ह्याला कोणीतरी मोठे नेते आले होते, लगेच निघायला हवं होतं. प्रभाकर उठले, माझ्याकडे बघितलं, बॅटरी काउंटरवर ठेवली आणि गेले.

बॅटरी चालूच होती. मी ती बंद केली, खिळ्याला अडकवली आणि पुढच्या माणसाला विचारलं, "फवारून आला काय?"